गेन्शिनची जुनी पात्रं गावची वाटायची, नवी बॅनरची वाटतात

कृष्णाकाठ (सांगली)
विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर आमच्या टोळक्यात हा वाद कायम पेटलेला असतो. म्हटलं, इथे टाकून बघू.

गेन्शिन इम्पॅक्ट हा गेम २८ सप्टेंबर २०२० ला आला, तेव्हा पात्राकडे बघून त्याचा धंदा कळायचा. अंबर घ्या. डोक्यावर सशाच्या कानांसारखी लाल रिबीन, हातात धनुष्य, चुणचुणीत आटोपशीर कपडे. ही टेहळणीला फिरणारी पोरगी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. नोएल मोलकरणीच्या पोशाखावर चिलखत चढवून उभी. बेइडोचा एक डोळा झाकलेला आणि सगळा थाट जहाजाच्या कप्तानाचा. यांना मॉन्डस्टाट किंवा लियुए या गेममधल्या प्रदेशांच्या रस्त्यावर सोडलं तर ती तिथलीच वाटतात.

आता ऑगस्ट २०२३ चं फॉन्टेन आणि ऑगस्ट २०२४ चं नाटलान हे नवे प्रदेश बघा. एकीकडे बाही, दुसरीकडे नाही. मांडीला पट्टा, पट्ट्याला बक्कल, बक्कलला लटकन. शिलोनेन स्केट्सवर, किनिचच्या खांद्याशी पिक्सेलचा ड्रॅगन, आणि माविका, म्हणजे तिथलं अग्निदैवत, मोटरसायकलवर!

कारण पैशाचं आहे. नवं पात्र सोडतीतून काढायचं, सोडतीचा एक डाव म्हणजे पुल. एक पुल १६० प्रिमोचा (हे गेममधलं चलन), पाच स्टारची, म्हणजे सगळ्यात वरच्या पात्राची शक्यता ०.६ टक्के, पिटी ९० ला, म्हणजे तोवर पाच स्टार हमखास. पण ते हवं तेच निघेल का हे फिफ्टी-फिफ्टी, ते हरलात तर जास्तीत जास्त १८० पुल, म्हणजे २८,८०० प्रिमो. बॅनर, म्हणजे त्या पात्राची सोडत, राहतो तीन आठवडे. तेवढ्यात पोरांनी साठवलेलं सगळं ओतावं असं वाटायचं तर पात्र पहिल्या नजरेत भुलवणारं हवं. मग चित्र त्या जगासाठी काढलं जात नाही, पोस्टरसाठी काढलं जातं.

अजिंक्यतारा (सातारा)
सपशेल असहमत. भावा, तुला २०२० आठवत नाही, लॉकडाऊनमधला मोकळा वेळ आठवतोय.

मोना पहिल्या दिवसापासून गेममध्ये आहे. अंगाला चिकटलेला पोशाख, डोक्यावर ही भली मोठी टोपी, आणि बाई रानावनात फिरतायत. यातनं धंदा कुठला कळला? केया घोडदळाचा कप्तान. छाती उघडी, एका खांद्यावर फर, आणि घोडा अख्ख्या मॉन्डस्टाटात नाही. लिसा ग्रंथपाल आहे म्हणे. आमच्या नगरवाचनालयात अशा वेशात कुणी आलं तर सभासदत्वाचा फॉर्मसुद्धा मिळणार नाही.

उलट फॉन्टेनचा न्यूविलेट बघ. झगा, काठी, चालण्यातला संथपणा. न्यायाधीश आहे हे आंधळ्यालाही कळेल. नवीन म्हणून वाईट हे मला मान्य नाही.

पिटी_८९ (कराड)
मला किट पाहिजे, म्हणजे पात्राची लढायची ताकद. कपडे काय का असंनात. देह्या दिसायला एक नंबर होती, मार्च २०२३ ला आली, आणि डॅमेज बघून रडू आलं लका. तुमचं चालू द्या.

कृष्णाकाठ (सांगली)
@अजिंक्यतारा, मोना मान्य, तिच्यावर मी वाद घालत नाही. पण केया तुला लांबून ओळखू येतो की नाही? मुद्दा तो आहे. सांगलीकर असल्यामुळे १८४३ येणारच, सहन करा. विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवर उभं केलं आणि त्यातून पौराणिक नाटकांची जी परंपरा निघाली, तिच्यात राक्षस ‘अलल डुर्र’ करत आला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायचं की राक्षस आला. तोंडाला रंग, हातात तलवार, बस्स. दागिने किती घातलेत हे मागे बसलेल्याला दिसतच नव्हतं. आताच्या पात्रांत सगळा जीव त्या न दिसणाऱ्या दागिन्यांत गेलाय.

मिरजेची तार (मिरज)
मी थ्रीडी मॉडेलिंगचं काम करते, म्हणून थोडं लांब लिहिते.

भाव्यांचं उदाहरण छान आहे, पण उलटं पडतं. त्या प्रेक्षकाला रावण कोण हे घरातूनच माहीत असायचं, पुराण ऐकूनच तो थेटरात यायचा. गेमला दर सहा आठवड्यांच्या आवृत्तीत एकदोन कोरी करकरीत माणसं ओळखीची करून द्यायची असतात. ऐंशीहून जास्त पात्रं झाली आहेत.

आता मेख इथे आहे. या सगळ्यांना मिळून शरीरं पाचच. उंच पुरुष, मुलगा, उंच बाई, मुलगी आणि लहान मूल. चढणं, पोहणं, ग्लायडरवर उडणं, या हालचाली प्रत्येक शरीरासाठी एकदा बसवल्या की त्या गटातल्या सगळ्यांना लागतात. त्यामुळे पात्र म्हणून घेता येईल असा जाडा माणूस नाही, म्हातारी नाही, कुबड आलेला कुणी नाही. मग बाह्यरेषा वेगळी करायला उरतं काय? केस, टोपी, शेपटी, लोंबणारं कापड. पहिल्या वीस-पंचवीस पात्रांत साधे आकार खपले. अंबरचे कान एकदाच वापरता येतात. नंतरच्याला दोन बाह्यांतली एक कापावीच लागते.

म्हणजे नजर भुलवायची म्हणून सजावट वाढली, हे अर्धंच खरं. सुरुवातीला जो साचा स्वस्त पडला, त्याचं व्याज आता कपडे फेडतायत.

अजिंक्यतारा (सातारा)
ताई, हे पटलं. म्हणजे माझीच बाजू झाली, चित्रकारांचा दोष नाही.

घाटवाट (वाई)
दोष नाही असं कसं? त्याच कंपनीने जुलै २०२४ मध्ये झेनलेस झोन झीरो काढला. त्यात बेन म्हणजे अख्खं अस्वल आहे, बिली यंत्रमानव आहे, लायकॉन लांडगा आहे. सगळे खेळता येतात. म्हणजे जमतं त्यांना. गेन्शिनमध्ये करत नाहीत, कारण उंच देखणा पुरुष आणि उंच देखणी बाई विकली जाते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ‘साचाच तसा आहे’ म्हणणं म्हणजे कंपनीची वकिली झाली.

आणि खरा विषय कुणी काढतच नाही. नाटलानची नावं बघा. माविका माओरींच्या अग्निदेवता महुइकावरून. किनिच आणि त्याचा ड्रॅगन अजाव मिळून माया लोकांचा सूर्यदेव होतो. शिलोनेन अ‍ॅझ्टेकांची कोवळ्या मक्याची देवी. इयान्सान योरुबा परंपरेतली. नावं त्यांची, वाद्यं त्यांची, नक्षी त्यांची, आणि कातडी बहुतेकांची गोरी. जुलै २०२४ मध्ये ट्रेलर आला तेव्हा यावरून जगभर आरडाओरडा झाला, इंग्रजी आवाज देणारे काही कलाकारही बोलले. सुमेरू या आधीच्या प्रदेशात हेच झालं होतं. तिथल्या विद्यापीठाच्या शाखांना चक्क ‘दर्शन’ म्हणतात, देवीचं नाव रुक्खदेवता, आणि माणसं बघावीत तर निम्म्याहून जास्त दुधात धुतलेली. बक्कल किती आणि बाही कुठे गेली यावर इतकी चर्चा, आणि यावर एक ओळ नाही.

पिटी_८९ (कराड)
काल्पनिक जग हाय ओ. त्यात कुठं आलं माओरी न योरुबा.

घाटवाट (वाई)
काल्पनिक आहे तर नावंही काल्पनिक ठेवायची होती की. उद्या कुणी खंडोबा काढला, भंडारा घेतला, घोडा घेतला, आणि चेहरा स्वीडनचा दिला, तर तू जेजुरीला जाऊन ‘काल्पनिक हाय’ म्हणशील?

मिरजेची तार (मिरज)
@घाटवाट, रंगाबद्दल पूर्ण सहमत. तिथे साचा आड येत नाही, रंग बदलायला मॉडेल नव्याने करावं लागत नाही. २०२० मध्ये केया आणि शिनयान सावळे होतेच. वकिलीचं मात्र मान्य नाही. झेनलेसमध्ये डोंगर चढायचा नसतो, ग्लायडर नाही, अफाट मोकळं जग नाही. अस्वलाला तिथे थोड्याच हालचाली लागतात. गेन्शिनमध्ये त्याच अस्वलाला भिंतीवर चढवायचं, पाण्यात पोहवायचं, म्हणजे नवी मेहनत आली. ती करावी असं मलाही वाटतं, पण ती फुकट होत नाही.

@कृष्णाकाठ, अजून एक. कथेचा पहिला मोठा ट्रेलर २०२० मधलाच, आठवतो का? त्यात सायनो आणि लिनी दिसतात. सायनो खेळायला मिळाला २०२२ मध्ये, लिनी २०२३ मध्ये. म्हणजे तुम्ही ज्याला नवीन पद्धतीचं म्हणता त्यातलं काही अंबरच्याच वेळी कागदावर होतं.

कृष्णाकाठ (सांगली)
ताई, कागदावर होतं हे खरं. पण सायनोची कोल्ह्याच्या कानांची टोपी लांबून दिसते, म्हणून तो माझ्याच बाजूला धरा. मला काय हवंय ते सांगतो. फेट/ग्रँड ऑर्डर २०१५ चा गेम, पण ते जुन्या पात्रांच्या लढाईच्या हालचाली अधूनमधून नव्याने करतात. होन्काई स्टार रेलनेही २०२५ मध्ये काफ्का, ब्लेड वगैरे जुन्यांच्या किटमध्ये सुधारणा केली. जुन्याला जपलं की नव्याने इतकं किंचाळायची गरज राहत नाही. माझी अंबर मात्र आहे तिथेच पडून आहे.

अजिंक्यतारा (सातारा)
जानेवारी २०२२ मध्ये दिले की तिला नवे कपडे. अंबर, जीन, मोना, रोझारिया, चौघींना. जास्त झाकलेले. चीनमध्ये तेच मूळ म्हणून लागले, आपल्याकडे मर्जीचा मामला. तू म्हणतोस चित्र जगासाठी की पोस्टरसाठी, तिथे तर तिसराच कुणी पेन्सिल धरून बसलाय.

कृष्णाकाठ (सांगली)
बरोब्बर, आणि तरी ती अंबरच दिसते, कारण लाल कान तसेच ठेवले. कपडे बदला, पात्र टिकतं. आता माविकाची मोटरसायकल काढून घ्या आणि मागच्या रांगेतून ओळखून दाखवा.

पिटी_८९ (कराड)
तिचं केस पेटत्यात की लका.