मदत हवी आहे : वेबहुकने टेस्टचे निकाल घेताना ‘टाइम्ड आउट’, एका रनच्या तीन नोंदी

प्रश्न
टेस्ट संपल्या की निकाल आपोआप आमच्या सर्व्हरवर यावा म्हणून गिटहबवर वेबहुक (काही घडलं की ठरलेल्या यूआरएलवर आपोआप जाणारा संदेश) लावलाय, इव्हेंट ‘वर्कफ्लो रन’. सर्व्हर नोड-एक्सप्रेसचा. हँडलर (तो संदेश घेणारं फंक्शन) रिपोर्टची झिप उतरवतो, एक्सएमएल वाचतो, डेटाबेसमध्ये लिहितो, मग २०० (‘ठीक, मिळालं’ असा उत्तराचा कोड) पाठवतो. मोठ्या टेस्ट-सूटला (टेस्टच्या संचाला) ‘टाइम्ड आउट’ येतं. एकाच रनच्या तीन ओळी पडतात. वेबहुकची सही (संदेश गिटहबकडूनच आल्याची खूण) जुळतच नाही, म्हणून ती तपासणी बंद ठेवलीय. परत पोलिंग (थोड्या थोड्या वेळाने आपणच गिटहबला विचारणं) करावं का?

उत्तर १
पोलिंग नको. आधी सहीची तपासणी चालू करा. ती बंद असेल तर यूआरएल कळलेला कोणीही ‘सगळ्या टेस्ट पास’ पाठवू शकतो.

सही कच्च्या बाइट्सवर केलेली असते. जेसन पार्स करून पुन्हा स्ट्रिंग केलीत तर एका स्पेसच्या फरकानेही ती जुळणार नाही. त्या रूटवर ‘एक्सप्रेस.रॉ’ लावा आणि टाइप ‘अॅप्लिकेशन/जेसन’ द्या. त्याचा डिफॉल्ट ऑक्टेट-स्ट्रीम आहे, टाइप राहिला तर बफर (म्हणजे ते कच्चे बाइट्स) मिळतच नाही. हा रूट ग्लोबल जेसन-पार्सरच्या वर हवा. बफरवर सीक्रेटने (वेबहुक लावताना दिलेल्या गुप्त शब्दाने) एचमॅक-शा२५६ ही सही काढा, पुढे ‘शा२५६=’ जोडा आणि ‘एक्स-हब-सिग्नेचर-२५६’ हेडरशी ‘टाइमिंगसेफइक्वल’ने ताडा. लांबी आधी तपासा, वेगळी निघाली तर हे फंक्शन एरर फेकतं.

टाइमआउटचं कारण सरळ आहे: १० सेकंदांत उत्तर गेलं नाही तर गिटहब कनेक्शन तोडतं. सही तपासा, जॉब रांगेत टाका, लगेच २०२ (‘स्वीकारलं, काम नंतर होईल’ असा कोड) पाठवा. झिप वगैरे वर्करने (रांगेतली कामं मागे करणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामने) बघावी. फसलेली डिलिव्हरी गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही. गेल्या ३ दिवसांतली हाताने किंवा एपीआयने पुन्हा पाठवता येते, तेव्हा रोज एकदा फसलेल्यांची यादी तपासणारी स्क्रिप्ट ठेवाच.

तीन ओळी म्हणजे ‘रिक्वेस्टेड’, ‘इन प्रोग्रेस’ आणि ‘कम्प्लीटेड’. शेवटचीच घ्या. टेबलावर युनिक की मात्र रन-आयडी आणि रन-अटेम्प्ट मिळून करा. री-रनला आयडी तोच राहतो, फक्त अटेम्प्ट वाढतो.

प्रश्नकर्ता
सही जुळली, ओळही एकच पडते. पण ज्या रनमध्ये टेस्ट फेल होतात, नेमकी त्यांचीच झिप मिळत नाही.

उत्तर २
टेस्टची स्टेप फेल झाली की पुढची अपलोडची स्टेप वगळली जाते. तिला ‘इफ: ऑलवेज()’ लावा.