"आपल्या नाशकात घर देताना असलं काही नसतं" – खरंच?

मूळ पोस्ट, गोदाकाठ_६२: अमेरिकेत काळ्या लोकांना घरं नाकारतात यावर एक लेख वाचला. तिकडे वंशभेद आहे, म्हणून तिकडे कायदे लागतात. आपल्या नाशकात असलं काही नाही. ज्याची ऐपत, त्याला घर. मालक चार प्रश्न विचारतो तो त्याचा हक्क आहे. उगाच नवे कायदे आणून त्याच्यामागे शुक्लकाष्ठ लावू नका.

अंबडचा_फिटर: काका, तुमची पोस्ट जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच राहिला. लांबलचक लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या जुलैतली गोष्ट. मुलीला कॉलेज रोडला अकरावीला प्रवेश मिळाला, म्हणून गंगापूर रोडला टू बीएचके बघत होतो. एजंटने तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. सोळा हजार भाडं, पन्नास डिपॉझिट. बाहेर धो धो पाऊस. बायकोने छत्री हॉलच्या कोपऱ्यात उभी केली, जांभळी, एक काडी मोडलेली, आणि पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घ्यायला लागली. एजंट मोबाइलवर खोल्यांचे फोटो काढत होता. त्यानेच मालकांना फोन लावून दिला. माणूस बोलायला चांगला. नोकरी कुठे, घरात माणसं किती. मग आडनाव. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून पटकन कळत नाही. म्हणून मग मूळ गाव. मग "गावात घर कुठल्या बाजूला?" मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ आवाजच नाही. "बरं, कळवतो." संध्याकाळी एजंटचा फोन आला, मालकांचे मेहुणे राहायला येणार आहेत म्हणून.

चार दिवसांनी तोच फ्लॅट ऑनलाइन जाहिरातीत. भाडं तेच. हॉलच्या फोटोत कोपऱ्यात आमची छत्री. बायकोने फोटो मोठा करून बघितला, मोबाइल पालथा ठेवला आणि पोळ्या लाटायला उठली. त्यावर आम्ही आजतागायत बोललेलो नाही.

पगार विचारा, आधीच्या घरमालकाचा नंबर घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन करा. सगळं मान्य. पण गावात माझं घर कुठल्या बाजूला आहे, यावरून भाडं वेळेवर येणार की नाही हे कसं कळतं?

आणि अमेरिकेचं म्हणाल, तर तिथे १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेनेच शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्या लाल, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. ज्यांना कर्ज नाही त्यांचं घर नाही, आणि ज्यांचं घर नाही त्यांच्या पोरांच्या हाती पुढे काही नाही. घर नाकारण्याविरुद्धचा कायदा आला ११ एप्रिल १९६८ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन आठवडा झाल्यावर. तोवर त्यांचा कायदा अडूनच बसला होता. आपल्याकडे नकाशा रंगवायची गरज पडली नाही, गावात कोण कुठल्या बाजूला हे आधीच ठरलेलं होतं. ज्या शहरात काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, त्याच शहरात बसून तुम्ही "असलं काही नाही" लिहिता, याचा राग आला.

गोदाकाठ_६२: छत्रीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण एका मालकावरून सगळ्यांना झोडपू नका. मी प्रेसमधून निवृत्त झालो आणि फंडाच्या पैशातून इंदिरानगरला एक फ्लॅट घेतला. पहिलाच भाडेकरू अकरा महिन्यांचा करार संपला तरी हलेना. दीड वर्ष कोर्टाच्या तारखा. लाइटबिल मी भरलं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या मला सुरू झाल्या. तोही ओळखीतला, आमच्या नात्यातल्यांनी आणलेला. तेव्हापासून दहा वेळा विचारतो. आणि कायदा आहेच की, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. त्यात राहत्या जागेचाही उल्लेख आहे. नवा कशाला?

अंबडचा_फिटर: ओळखीतला, नात्यातल्यांनी आणलेला, हे तुम्हीच लिहिलंत काका. मग आडनाव विचारून काय वाचलं?
१९५५ चा कायदा चांगला आहे. पण आधी घर नाकारलं हे तरी दिसायला हवं ना? "मेहुणे येणार" म्हटलं की नाकारलंच नाही. कुठलं पोलीस स्टेशन माझी छत्री पुरावा म्हणून घेणार?

वडाळा_रोडची_शिक्षिका: आणि तो कायदा अस्पृश्यतेपुरता आहे. माझ्यासारखीने कुठे जायचं? फोनवर माझं मराठी ऐकून लोक "ताई, कधीही या बघायला" म्हणतात. नाव सांगितलं की घर त्याच मिनिटाला गेलेलं असतं. माझे मिस्टर बँकेत आहेत, मी पंधरा वर्षं पाचवी-सहावीला मराठी शिकवते. तरी सगळे विचारतात, तुम्ही लोक एकाच भागात का राहता हो? संविधानाचं कलम १५ दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता म्हणतं. भाड्याचं घर म्हणत नाही.

मखमलाबादकर: आधी मराठी माणसाचं बोला! २०२३ ला मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, मराठी म्हणून. ते विसरलात?

वडाळा_रोडची_शिक्षिका: नाही विसरले. तेव्हा मलाही चीड आली होती. मीही मराठीच आहे दादा.

फ्लॅट_नंबर_९: सगळे मालकाला धरताय. मी मालक आहे. गेल्या वर्षी एका मुस्लिम जोडप्याला द्यायला तयार होतो, दोघं डॉक्टर. सोसायटीच्या कमिटीने एनओसी (ना-हरकत पत्र) अडवली. "मीटिंगमध्ये ठरवू" म्हणाले, ती मीटिंग तीन महिने झाली नाही. वर मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज महिना दोन हजार!

माजी_सेक्रेटरी: चार्ज लागणारच. भाडेकरू लिफ्ट वापरतात, पार्किंगमध्ये भांडतात, मालक मीटिंगला फिरकत नाही.

फ्लॅट_नंबर_९: सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २००१ चा सरकारी आदेश आहे. माझं सेवाशुल्क नऊशे. म्हणजे नव्वद रुपये. दोन हजार कुठल्या हिशोबाने?

माजी_सेक्रेटरी: उन्हाळ्यात टँकर काय आदेशावर येतो का? आठ वर्षं फुकट काम केलं, रात्री अकराला पंप बंद पडला की फोन मलाच. तुमच्यासारखे मालक पुण्यात बसून आदेश वाचतात.

फ्लॅट_नंबर_९: मी पुण्यात नाही, जेल रोडला आहे. आणि एनओसी मुळात लागतच नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, भाडेकरू ठेवल्याचं सोसायटीला कळवायचं आहे, परवानगी मागायची नाही.

माजी_सेक्रेटरी: मग उद्या कोणीही आणाल. बिल्डिंगमध्ये बायका-पोरं आहेत.

वडाळा_रोडची_शिक्षिका: "कोणीही" म्हणजे कोण, ते स्पष्ट लिहा.

माजी_सेक्रेटरी: तुम्ही अंगावर घेऊ नका. बॅचलर पोरांबद्दल म्हणतोय.

फ्लॅट_नंबर_९: मी डॉक्टर नवरा-बायकोबद्दल लिहिलंय. बॅचलर तुम्ही आणलेत. माझ्याच सोसायटीत दोन फ्लॅटमध्ये बॅचलर पोरं राहतात, त्यांची एनओसी दुसऱ्या दिवशी निघाली.

माजी_सेक्रेटरी: बरं. एनओसीचं मान्य, ती हत्यारासारखी वापरली जाते. आमच्याकडेही एकदा झालं आणि मी सही केली नाही. पण चार्जचं मला पटलेलं नाही.

न्यूजर्सीहून_परत: चार्ज सोडा आता. छत्रीच्या पुराव्याचं उत्तर तिकडे अमेरिकेत शोधलेलं आहे. एकाच घरासाठी दोन माणसं पाठवतात, पगार सारखा, नोकरी सारखी, वंश तेवढा वेगळा. एकाला "घर गेलं" आणि तासाभराने दुसऱ्याला "या बघायला" म्हटलं की मालक सापडला. असं तपासायला गेलेल्या माणसालाही दावा लावता येतो, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये सांगितलं. १९६८ चा कायदा बरीच वर्षं लेचापेचा होता, दंडाचे दात १९८८ च्या दुरुस्तीने आले. आपल्याकडे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात नावं बदलून घरमालकांना फोन केले होते, तिथेही हेच दिसलं. महापालिकेला नाशकात हे करायला काय हरकत आहे?

गोदाकाठ_६२: म्हणजे खोटे भाडेकरू पाठवून म्हाताऱ्यांना सापळ्यात पकडायचं? २००५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीचं ऐकलंच होतं ना?

न्यूजर्सीहून_परत: तो निकाल सोसायटीने उपविधीत सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याबद्दल होता. तुमच्या इंदिरानगरच्या भाडेकरूबद्दल नव्हता. तरी माझ्या मते तो निकाल चुकलाच. सिंगापूर बघा, १९८९ पासून सरकारी इमारतीत प्रत्येक वंशाचा वाटा ठरलेला. मोहल्ले होऊच देत नाहीत.

गोदाकाठ_६२: आणि बहुसंख्य चिनी लोकांचा वाटा भरला की अल्पसंख्याकाला आपलं घर चढ्या भावाने विकता येत नाही, कारण गिऱ्हाईक अल्पसंख्याकांतलंच शोधावं लागतं. माझा भाचा तिथे आहे. औषधाने दुसरा आजार होतो.

अंबडचा_फिटर: ते मान्य काका. मला वाटा नको. आपल्याकडे एक एकराच्या आसपासच्या, म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पात २० टक्के घरं लहान उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायचा नियम आहे, तो नीट पाळला तरी पुष्कळ. आणि भाड्याला एवढंच करा. करार ऑनलाइन नोंदवतोच, तसा नकारही नोंदवायचा. घर बघून, भाडं कबूल करून ज्याला नाही म्हटलं त्याला कारण लेखी द्यायचं. चार दिवसांत तीच जाहिरात परत आली तर मालकाने उत्तर द्यायचं.

गोदाकाठ_६२: लेखी कारण द्यायला माझी हरकत नाही. मला लपवायचं काही नाही. सापळा मात्र नको. आणि "असलं काही नाही" हे वाक्य मी पोस्टमधून काढतो. बाकीची पोस्ट राहू दे. घर मिळालं का शेवटी तुम्हाला?

अंबडचा_फिटर: मिळालं, पाथर्डी फाट्याला. आडनाव विचारलंच नाही, मालक आमच्यातलेच आहेत. मुलगी सकाळी सहाला निघते.