एकादशीला अण्णांची दुपारची गोळी लगेच लागू पडते, असं का?

कोल्हापूरची_लेक:
नमस्कार मंडळी. अण्णा ७१ वर्षांचे, पार्किन्सन्स (कंपवात) होऊन ६ वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून ४ वेळा घेतात. सकाळी ७ ची घेतली की पाऊण तासात हात सुटतात, शर्टाची बटणं स्वतः लावतात. दुपारची मात्र बऱ्याचदा लागूच पडत नाही. न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय चिकटल्यासारखे उभे राहतात. ही गोळी आम्ही जेवल्या जेवल्या देतो, कारण रिकाम्या पोटी औषध नको हा आईचा जुना नियम.

३ महिने मी वहीत सगळ्या वेळा लिहितेय. सर्वांत वाईट दुपार बुधवार-रविवारची, मटण-भाकरी झाल्यावर. उसळ-दही असेल तर थोडी बरी. आणि एकादशीला? दिवसभर रताळी, केळी, लिंबू सरबत, आणि गोळी अर्ध्या तासात लागू! प्रत्येक एकादशीला हेच. आई म्हणते पांडुरंगाची कृपा. मला तिच्याशी वाद घालायचा नाही, पण इतर दिवशीही त्यांना चालता यायला हवं.

औषधशास्त्र_शिकवतो:
ताई, वही जपून ठेवा, त्यात उत्तर आहे.

लेव्होडोपा हे स्वतःच एक ॲमिनो आम्ल आहे. ते आतड्यातून नुसतं झिरपत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ॲमिनो आम्लं उचलून आत घेणारी वाहक प्रथिनं असतात, त्यांच्याच आधाराने ते रक्तात जातं. मटण पचलं की त्यातली प्रथिनं सुटी होऊन ल्युसीन, व्हॅलीन, फेनिलअलानिन अशा ॲमिनो आम्लांचा लोंढा त्याच वाहकांवर येतो आणि गोळीतलं थोडंसं औषध मागे पडतं. शिवाय तेलकट जेवणाने जठर उशिरा रिकामं होतं, तोवर गोळी तिथेच अडकते. रताळ्या-केळ्यांत प्रथिनं फारच कमी, म्हणून वाट मोकळी.

पण चढाओढ आतड्यातच संपत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन नट आणि सहकाऱ्यांनी लेव्होडोपा थेट शिरेतून दिलं, म्हणजे आतडं वगळलंच. तरी प्रथिनांचं जेवण झाल्यावर गुण ओसरला, रक्तातली पातळी न घटताही! मेंदूत शिरतानाही औषधाला अशाच वाहकावर जागा मिळवावी लागते.

म्हणून गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एक तासाने देतात. मळमळ झाली तर सोबत केळं चालेल, दूध नको. वेळ बदलण्याआधी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना वही दाखवा. आणि कृपा करून डाळ-मटण बंद करू नका. या आजारात वजन आधीच उतरतं. काहींना प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात हलवून फायदा होतो, पण तेही डॉक्टरांशी बोलूनच.

मिरजेचा_बाळू:
आमच्या आईची लोहाची गोळी याच गोळीसोबत चालली होती. लोह लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवतं, म्हणून डॉक्टरांनी दोन्हींत अंतर ठेवायला सांगितलं. अण्णांना लोह चालू असेल तर विचारा. खाजकुयलीचं चूर्ण देत असाल तर तेही सांगा, त्यात लेव्होडोपाच असतं.

एक शंका: मग सगळीच औषधं जेवणाआधी घ्यायची का?

औषधशास्त्र_शिकवतो:
नाही, प्रत्येक औषधाची वाट वेगळी. ॲलर्जीची फेक्सोफेनाडिन गोळी संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर कमी शोषली जाते, कारण रस तिच्या वाहकाला अडवतो. ती पाण्यासोबतच घ्यावी. उलट काही वाहक औषध परत आतड्यात फेकतात. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असलं की हे पंप वाढतात आणि हृदयाच्या डिगॉक्सिनचं प्रमाण रक्तात घटतं.

कोल्हापूरची_लेक:
दोन आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांनी वही पाहिली आणि दुपारची गोळी ११.३० ला, जेवण १२.१५ ला ठरवून दिलं. लोह, चूर्ण काही चालू नाही. रविवारी तांबडा-पांढरा, मटण सगळं होतं. १ वाजता अण्णा उंबरा ओलांडून स्वतः हात धुऊन आले. आई दारातच उभी राहून बघत होती. मंगळवारी मात्र पुन्हा अडकले, जेवण साधं असूनही. तेही वहीत लिहिलंय.