'नाग्वाल'ला मराठीत काय म्हणावं?

मीरा_कट्टेकरी : मुलांच्या वाचनकट्ट्यासाठी डॉना बार्बा हिगेरा यांच्या 'द लास्ट क्वेंटिस्टा'ची सुरुवातीची पानं मराठीत करते आहे. बालसाहित्यासाठीचं अमेरिकेतलं न्यूबेरी पदक २०२२ साली मिळालेली कादंबरी. काळ २०६१चा. हॅलेचा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार, म्हणून थोडे लोक यानातून निघतात. पुढे यानाचा ताबा घेणारे सगळ्यांच्या आठवणी पुसून टाकतात. नायिका पेत्रा हिच्यापाशी मात्र आजीच्या मेक्सिकन गोष्टी शिल्लक राहतात. त्यातली पहिलीच गोष्ट धूमकेतूची : तो म्हणजे अग्निसर्प 'नाग्वाल', आई पृथ्वी, बाप सूर्य. मी शब्द तसाच ठेवला. वाचून दाखवल्यावर चौथीतला एकजण म्हणाला, "म्हणजे नागच ना?" खरा अर्थ रूप पालटणारा. काय करावं?

देशमुख_अमरावती : पोरगा चुकला असं मला वाटत नाही. नाग, नाग्वाल, वर अग्निसर्प! तिकडचे मय आणि आपला मयासुर यांचं नातंही जुनी माणसं सांगतात. शब्द इकडूनच गेला असणार.

तळटीप : देशमुखकाका, हा शब्द मय लोकांचा नाहीच, मेक्सिकोतल्या अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला आहे. मूळ रूप 'नाहुआल्ली'. त्यात 'ग' कुठेच नाही, तो स्पॅनिश लिहिणाऱ्यांनी आणला. शिवाय नाग्वालला सापच व्हावं लागतं असं नाही. लोककथांत तो कुत्रा होतो, घुबड होतो, जॅग्वार होतो, टर्की कोंबडासुद्धा होतो. मीराताई, मेक्सिकोत बरेच लोक 'ग'ऐवजी 'ह' लिहितात आणि उच्चार 'नावाल'च्या जवळ जातो. 'नावाल' लिहा, नाग आपोआप पळेल.

शुद्धमती : परका शब्द हवाच कशाला? रामायणातले राक्षस 'कामरूपी' आहेत, म्हणजे हवं ते रूप घेणारे. नेमका हाच अर्थ. तयार शब्द घरात असताना शेजाऱ्याकडे हात का पसरायचा?

मीरा_कट्टेकरी : शुद्धमतीताई, मुलांना 'कामरूपी'त फक्त 'काम' ऐकू येईल. गृहपाठ वाटायचा त्यांना. 'बहुरूपी'चाही विचार केला होता, पण तो दारात येऊन पोलिसाचं सोंग करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

खाडीपल्याड : आमच्या कोकणात 'चकवा' आहे ना! माझ्या आजोबांना लागला होता. रात्रभर एकाच वडाभोवती फिरत राहिले.

तळटीप : चकवा वाट चुकवतो, रूप कुठे पालटतो?

खाडीपल्याड : मग 'देवचार' घ्या. गावाची राखण करतो, आणि आमच्याकडे तरी कधी म्हातारा, कधी कुत्रा होऊन दिसतो.

म्हापसेकर : आमच्या गोव्यात देवचार म्हणजे काठी नि घोंगडी घेतलेला राखणदार. तो कुत्रा होतो हे मी आजच ऐकतोय. आणि पेत्राच्या आजीच्या तोंडी देवचार घातलात तर ती मेक्सिकन राहील का? सगळ्यांना एकसारखं करून टाकणाऱ्या लोकांविरुद्ध त्या मुलीचा झगडा आहे. अनुवादाने तरी तिच्या गोष्टी पुसू नयेत.

शुद्धमती : म्हणजे मराठीने कायम पाहुण्यांचीच उठबस करायची!

तळटीप : पाहुणे कधीच घरचे झालेत, ताई. टोमॅटो आणि चॉकलेट मूळचे नाहुआत्ल. घोलवडचा चिकूसुद्धा 'चिकोसापोते' या स्पॅनिश नावातून आला आणि त्याच्या मुळाशी नाहुआत्लच आहे. डहाणूच्या बागायतदाराला चिकू परका वाटतो का?

देशमुख_अमरावती : चिकूचं पटलं. पण मग 'धूमकेतू' तरी कशाला? आमची आजी 'शेंडेनक्षत्र' म्हणायची. १९१०चं शेंडेनक्षत्र तिच्या आईने पाहिलं होतं. मीराबाई, गोष्ट सांगणारी जर आजी आहे, तर तिच्या तोंडी शेंडेनक्षत्रच शोभेल.

तळटीप : शब्द सुरेख आहे, पण इथे 'धूमकेतू' सोडू नका. केतू म्हणजे ध्वज, ज्याचा ध्वज धुराचा तो धूमकेतू. नाहुआत्लमध्ये धूमकेतूला 'सित्लालिन पोपोका' म्हणतात, धुमसणारा तारा. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या नावातही तेच 'पोपोका' आहे. दोन्हीकडच्या माणसांना आकाशात धूरच दिसला. हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हापसेकर : 'शेंडेनक्षत्र' हे शेंड्यावरून की शेंडीवरून?

खाडीपल्याड : शेंड्यावरून. झाडाच्या शेंड्यावर दिसायचं ते.

शुद्धमती : अजिबात नाही, शेंडीवरून! संस्कृतात केतूला 'शिखी' म्हणतात, शिखा म्हणजे शेंडी. मराठीने सरळ अर्थ उचलला आहे.

मीरा_कट्टेकरी : मंडळी, शनिवारी कट्टा आहे. 'नावाल' की 'कामरूपी', एवढं सांगाल का?

खाडीपल्याड : सांगतो, पण आधी हे शेंडीचं मला काही पटत नाही. मग 'शेंडीनक्षत्र' का नाही झालं?