पाळणाघर आहे, पण आपल्या कामाचं आहे का? पुण्यातले अनुभव लिहा

वारजेची आई
आमच्या वारजे-कर्वेनगर भागात पाळणाघराच्या पाट्या जागोजागी दिसतात, त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगला विषय काढला की कुणीतरी लगेच म्हणतं, इथे सोय आहे की. फोन लावत बसलं की कळतं, एकीकडे दीड वर्षाच्या आतलं मूल घेत नाहीत, दुसरीकडे साडेसहाला बंद, तिसरीकडे फक्त शाळा सुटल्यावरची मुलं. म्हणून आम्ही काही जणींनी ठरवलंय की पाट्या नाही मोजायच्या, घरोघरी काय लागतंय त्याची यादी करायची आणि ती घेऊन वॉर्ड ऑफिसला जायचं. मुलाचं वय, तुम्हाला खरंच लागणारी वेळ, अंतर, परवडतं का, मूल आजारी पडलं की काय करता, सगळं लिहा. नोकरी सोडलेल्यांनी तर नक्की लिहा, कारण कुणी पाळणाघरात जाऊन चौकशी केली तर तुम्ही तिथे दिसतच नाही आणि मग मागणीच कमी आहे असा अर्थ काढला जातो.

वाकड
२६ आठवड्यांची रजा संपली तेव्हा मुलगी जेमतेम बसायला लागली होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय लागते आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाता आलं पाहिजे. आमच्या कंपनीनं टायअप केलंय, पण ते हिंजवडी आयटी पार्कच्या फेज १ ला आणि माझी बिल्डिंग फेज ३ ला, चार वेळा काय एकदा जाणं पण होत नाही. शिवाय भूमकर चौकातून रोज बाळाला घेऊन जायचं, पावसाळ्यात ती गाडीतच दूध ओकायची. शेवटी घराजवळचं बघितलं, ते सातला बंद होतं आणि सातला मी वाकड ब्रिजखाली अडकलेली असते. त्यामुळे माझ्यासाठी फीपेक्षा संध्याकाळचा तो एक तास जास्त महत्त्वाचा आहे.

भोसरीचा बाबा
आमच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची, रविवारी कामावर. बायको नर्स, तिच्या ड्युट्या बदलत राहतात. रविवारी आमच्या भागात एकही पाळणाघर उघडं नसतं आणि गुरुवारी मी घरी असतो तेव्हा सगळी उघडी. सेकंड शिफ्ट असली की शेजारच्या वहिनींकडे ठेवतो, त्या पैसे घेत नाहीत, म्हणून मागायला आणखी जड जातं. यादीत वाराचा पण रकाना ठेवा.

सिंहगड रोड, पाळणाघरवाली
मी इतकी वर्षं पाळणाघर चालवतेय, आमची बाजू पण ऐका. तान्ही बाळं का घेत नाही, तर एका बाईनं तशी तीन, फार तर चार सांभाळावीत, जास्त झाली की एकाला भरवताना दुसरं रडत पडतं आणि ते मला बघवत नाही. तीन वर्षांच्या पुढची असली तर तीच बाई आठ-दहा जणांना बघते. म्हणजे बाळाची फी दुपटीच्या वर जाते, ती सांगितली की आईबाप गप्प होतात, त्यांचे पण हप्ते आहेतच. मावशी टिकत नाहीत, हाताशी तयार झाली की घरकामात जास्त मिळतात म्हणून जाते, आणि आठपर्यंत ठेवा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते की त्या मावशीची पोरं पण घरी वाट बघत असतात. ताप आलेलं मूल औषध पाजून सोडतात, आईला रजा नसते हे कळतं मला, पण दुपारी ताप परत चढतो, तोवर बाकीच्यांना लागण झालेली असते. खरी अडचण जागेची आहे. तळमजल्याचं भाडं झेपत नाही, वरच्या मजल्यावर सोसायटी आवाजाची तक्रार करते. महापालिकेच्या शाळांच्या रिकाम्या खोल्या असतील तर वाजवी भाड्यानं द्या म्हणून मागा, ताई. मी बाळं घ्यायला लागेन.

बिबवेवाडीचे आजोबा
ज्या घरात आजी-आजोबा आहेत ते घर 'गरज नाही' मध्ये टाकू नका. नात आमचा जीव आहे, पण हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय आणि दोन वर्षांचं मूल पळायला लागलं की आम्हाला पुरं पडत नाही. अर्ध्या दिवसाची सोय हवी, फी मात्र सगळीकडे पूर्ण दिवसाची सांगतात.

बाणेर
मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम आहे. औंध-बाणेरला सगळीकडे तेच उत्तर, आमच्याकडे तसा स्टाफ नाही. थेरपी तासाभराची, बाकीचा दिवस मी. नोकरी सोडली. यादीत आम्हाला धरा.

वारजेची आई
धरलंय. आणि काका, अर्ध्या दिवसाचं पण लिहून घेतलं.

अंगणवाडी सेविका, पर्वती
सगळं वाचलं. आमच्याकडे अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुलं बसतात, त्याखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो पण सांभाळायची सोय नाही. वस्तीतल्या बाया सकाळी आठला धुण्याभांड्याला निघतात त्या दुपारी दोन-तीनला येतात, तोवर अंगणवाडी सुटलेली असते. मग धाकट्याला थोरली बघते, ती चौथी-पाचवीतली, तिचा शाळेला खाडा. माझ्याच अंगणवाडीतून शिकून गेलेल्या पोरी अशा घरी बसलेल्या बघते तेव्हा जीव तुटतो. केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये २०२२ पासून पाळणा योजना आहे, ६ महिने ते ६ वर्षांची मुलं अंगणवाडीलाच जोडून सांभाळायची, त्याला वेगळी कार्यकर्ती. आमच्या वस्तीत अजून आलेली नाही. तुमची यादी बालविकास प्रकल्प कार्यालयात पण द्या, आणि सोसायट्यांपुरती नका करू, वस्तीत या. दुपारी चारनंतर या, बायांना मी जमवते.

वाघोली, साइट इंजिनिअर
बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात, जो २०२५ पर्यंत लागू होता, ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर मुलांसाठी खोली आणि सांभाळणारी बाई द्यावी लागायची. आमच्या साइटवर बायका वेगवेगळ्या ठेकेदारांकडे आहेत, त्यामुळे कुणाच्याच हजेरीत तेवढ्या कधी आल्या नाहीत. मुलं वाळूच्या ढिगावर असतात, वरून क्रेन चाललेली असते, मला रोज धाकधूक. पुण्यात तारा मोबाईल क्रेशेस ही संस्था साइटवर पाळणाघरं चालवते, तशी जागा द्यायला आमच्या बिल्डरला तयार करायचा प्रयत्न चालू आहे. पण इमारत झाली की ही कुटुंबं दुसरीकडे जातात, इथल्या मतदार यादीत त्यांचं नाव नसतं, तर त्यांची गरज कुठल्या वॉर्डात धरायची हे आधी ठरवा. साइटवर येऊन विचारायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत एक वाजता या, गेटवर मी सांगून ठेवतो.