चिल्लर साठवण्यात खरंच काही राम आहे का?

खुर्दा
डब्यात सुटे पैसे टाकत राहणं ही बचतच नव्हे, असं हल्ली बरेच जण म्हणतात. मला हे पटत नाही. खिशातली चिल्लर हिशेबात येत नाही, म्हणून ती नकळत संपते. रोज संध्याकाळी खिसा, पाकीट, पिशवी रिकामी करून ती डब्यात टाकली की राहते. फायदा इतका साधा आहे.

पण डबा लहान हवा. एक लिटरच्या बरणीत साधारण साडेचार ते पाच किलो नाणी बसतात. त्याहून मोठी बरणी भरली की ती उचलवत नाही, आणि जी उचलवत नाही ती बँकेपर्यंत जातही नाही. काच नको, वरून नाणी पडून पडून तळाला तडा जातो. आणि डब्यावर रिकामा करायची तारीख चिकटवा. बहुतेक डबे फसतात ते तारीख नसल्यामुळे. ज्यांना हे चूक वाटतं त्यांनी कारणासकट लिहावं.

हिशेबी
कारणासकटच लिहितो. डब्यातल्या पैशाला व्याज नाही. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर 72 च्या ढोबळ नियमानं (72 ला महागाईच्या टक्क्यांनी भागायचं) 72 भागिले 6, म्हणजे 12 वर्षांत डब्यातल्या रकमेची खरेदीची ताकद जवळपास निम्मी होते.

शिवाय नाणं कायम चालेल याचीही खात्री नसते. ब्रिटनमधलं जुनं गोल एक पौंडाचं नाणं 15 ऑक्टोबर 2017 ला वैध चलनातून बाद झालं. इटलीत युरोआधीचं चलन लिरा बदलून घेण्याची मुदत 6 डिसेंबर 2011 ला संपली, स्पेनमध्ये पेसेटाची 30 जून 2021 ला. त्यानंतर ज्यांच्या डब्यात लिरा किंवा पेसेटाची नाणी निघाली, त्यांच्या हाती फक्त धातू उरला.

खुर्दा
तुमचा 12 वर्षांचा हिशेब एकरकमी पैसा डब्यात पडून राहिला तर लागू होतो. इथे रक्कम थेंबाथेंबानं येते. रोज सारखी भर घालून वर्षाअखेरीस डबा रिकामा केला, तर पहिलं नाणं वर्षभर पडून असतं आणि शेवटचं एकच दिवस. सरासरी सहा महिने. म्हणजे 6 टक्के महागाईत घट 3 टक्क्यांच्या आसपास. दर तीन महिन्यांनी रिकामा केला तर सरासरी दीड महिना आणि घट पाऊण टक्का. चलन बदलायचा धोकाही तेवढ्यानंच टळतो, कारण नाणी बाद करायची झाली तर सहसा काही महिने आधी सूचना मिळते.

तराजू
दोघंही महागाईवर भांडताय, पण खरी गळती मोजणीत आहे. नाणी मोजून देणारी यंत्रं काही देशांत 10 टक्क्यांहून जास्त शुल्क कापतात. वर काढलेल्या 3 टक्क्यांशी ताडून पाहा. मोजणी घरीच करा, आणि वजनावर करा.

काही नाण्यांची वजनं दर्शनी किमतीच्या प्रमाणातच ठेवलेली असतात. ब्रिटनचं एक पेनीचं नाणं 3.56 ग्रॅम, दोन पेनीचं 7.12. दोन्ही कशीही मिसळा, 356 ग्रॅम म्हणजे 100 पेनी, एक पौंड रक्कम. अमेरिकेत 10 सेंटचं 2.268 ग्रॅम आणि 25 सेंटचं 5.67, दोन्हींच्या सरमिसळीत 453.6 ग्रॅमला बरोबर 20 डॉलर भरतात. युरोचं तसं नाही. एक सेंट 2.30, दोन सेंट 3.06, पाच सेंट 3.92 ग्रॅम. तिथे आधी वेगळी करायची, मगच काट्यावर ठेवायची.

चूक होते ती एकाच किमतीची दोन वजनाची नाणी मिसळल्यानं. अमेरिकी एक सेंट आधी तांबंप्रधान होतं, 3.11 ग्रॅमचं. 1982 मध्ये ते जस्ताच्या गाभ्याचं झालं, 2.5 ग्रॅमचं. 80 नवी आणि 20 जुनी एकत्र ठेवली तर काटा 262 ग्रॅम दाखवतो, आणि 2.5 नं भागल्यावर 100 ऐवजी 105 नाणी निघतात. म्हणून आधी दहा-दहाच्या चळती लावा. सगळ्या चळती एका उंचीच्या दिसल्या तरी प्रत्येकीचं वजन एकदा पाहा. घरगुती काट्यावर एका वेळी शंभर-शंभर नाणीच मोजा. मोठ्या वजनाला काट्याची स्वतःची चूक वाढते.

अभिसरण
माझा विरोध वेगळा आहे. नाणं फिरण्यासाठी असतं. 2020 मध्ये महासाथीत अमेरिकेत नाण्यांचं फिरणं मंदावलं, तेव्हा फेडरल रिझर्व्हला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, बँकांना नाणी मोजूनमापून द्यावी लागली. देशात नाणी होती, पण घरांत आणि बंद दुकानांत अडकलेली. घरात अडकलेल्या नाण्याच्या जागी टांकसाळीला नवं पाडावं लागतं, आणि 2024 च्या आर्थिक वर्षात तिथे एक सेंटचं नाणं पाडायला 3.69 सेंट खर्च आला. 2025 च्या नोव्हेंबरात ते पाडणं थांबवलं. मी तर म्हणतो साठवूच नका. बिलाच्या वेळी सुटे काढा आणि नेमकी रक्कम द्या.

तराजू
रोजच्या रोज नेमकी रक्कम देणं उत्तमच, पण आधी साचलेला डबा दुकानात रिकामा करता येत नाही. युरोच्या देशांत एका व्यवहारात 50 हून जास्त नाणी घ्यायची सक्ती दुकानदारावर नाही. ब्रिटनमध्ये एक आणि दोन पेनीची नाणी फक्त 20 पेनीपर्यंतच वैध चलन आहेत. भारतात एक रुपया आणि वरची नाणी 1000 रुपयांपर्यंत, पन्नास पैशांची 10 रुपयांपर्यंत. दुकानदारानं नाही म्हटलं तर तो कायद्यानं चुकत नाही. ती नाणी परत फिरवायची वाट बँकेतूनच जाते.

मुलामा
साठवणार असाल तर ओल सांभाळा. हल्लीची बरीच लहान नाणी पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेली असतात. युरोची 1, 2 आणि 5 सेंटची तशीच आहेत. लोहचुंबक लावून बघा, चिकटतात. मुलामा खरवडला की आतलं पोलाद गंजतं आणि डाग शेजारच्या नाण्यांना लागतो. जस्ताच्या गाभ्याचं नाणं तर आतून पोखरलं जातं. लिंबू किंवा व्हिनेगर लावून चकाकी आणू नका: तांब्याचा पातळ थर विरघळतो, आणि चुकून एखादं जुनं नाणं असलं तर संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच पडते. चळतींना चिकटपट्टी गुंडाळू नका. गोंद नाण्याला राहतो आणि मोजणी यंत्रात ते अडकतं. साधा कागद पुरतो.

हिशेबी
सरासरी सहा महिन्यांचा मुद्दा मान्य, तिथे माझा हिशेब चुकला. पण एक हरकत कायम आहे. डबा फोडल्यावर हाती आलेली रक्कम त्याच दिवशी खात्यात गेली नाही, तर ती पुन्हा सुट्या पैशांसारखीच जाते. त्यापेक्षा काही बँकांची सोय बरी: प्रत्येक खरेदी वरच्या पूर्णांकात धरायची आणि फरक आपोआप बचत खात्यात टाकायचा. ना वजन, ना चळत.

खुर्दा
ती सोय कार्डानं किंवा फोनवरून पैसे देणाऱ्यांची. रोखीत कमावणाऱ्याला आणि रोखीत खर्चणाऱ्याला फरक नाण्यांतच मिळतो, त्याला डबाच लागतो. त्याच दिवशी भरण्याचं मात्र पूर्ण पटलं. घरून निघण्याआधी शाखेत विचारून घ्या की नाणी कोणत्या दिवशी घेतात आणि कशी बांधून हवीत. ब्रिटनमध्ये एका पिशवीत एकाच किमतीची नाणी लागतात, पेनीची असतील तर एक पौंडाची पिशवी. अमेरिकेत गुंडाळीत एक सेंटची 50, पाच सेंटची 40, दहा सेंटची 50, पंचवीस सेंटची 40. यात एक नाणं कमी-जास्त झालं तर पूर्ण गुंडाळी परत येऊ शकते, म्हणून बांधल्यावर प्रत्येक गुंडाळी एकदा काट्यावर ठेवाच.