मॅग्नेट परत बसवल्यापासून किक उलटी मारते, कार्बोरेटरमधून फट् आवाज, इंजिन सुरू होत नाही

किककांडी
दुचाकी १५० सीसी, एक सिलिंडर, चार स्ट्रोक, कार्बोरेटर, सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). चार्जिंग बंद पडले म्हणून स्टेटर प्लेट (वीज बनवणाऱ्या कॉइलची) बदलली, त्यासाठी मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचे चुंबकी चाक, काढून परत बसवला. त्याआधी इंजिन नीट चालत होते. आता किक मारली की मधूनच कार्बोरेटरच्या तोंडातून ‘फट्’ होते आणि किक पायाला उलटा झटका देते. सेल मारला तर मोटर अडखळून थांबते. प्लग नवा आहे, ठिणगी निळी आणि जाड. पेट्रोल फ्लोट चेंबरपर्यंत येते. टॅपेट (वाल्व्हची फट) थंड इंजिनवर कंपनीच्या मापाने लावलेत, इनलेट ०.०५ आणि एक्झॉस्ट ०.१० मिमी. कार्बोरेटर उघडून जेट साफ करू का, की आधी दुसरे काही बघू?

टायमिंगखूण
कार्बोरेटरला हात लावू नका. मिश्रण पातळ झाले तरी तिथून फट् येतो हे खरे, पण त्याने किक उलटी मारत नाही. उलटी किक म्हणजे पिस्टन वर पोहोचायच्या बराच आधी ठिणगी पडतेय. किकच्या संथ वेगात तो स्फोट पिस्टनला आल्या वाटेने खाली ढकलतो, क्रँक उलटा फिरतो, नुकताच मिटलेला इनलेट वाल्व्ह पुन्हा उघडतो आणि जळता वायू कार्बोरेटरमधून बाहेर येतो. ठिणगी निळी आहे यावरून ती पडते एवढेच कळते, कधी पडते ते नाही.

पहिला संशय मॅग्नेटच्या चावीवर, म्हणजे त्या अर्धचंद्राकृती तुकड्यावर. मॅग्नेट शाफ्टच्या निमुळत्या भागावर (टेपरवर) घट्ट बसतो तो नटाच्या ताणाने. चावीचे काम फक्त जागा दाखवायचे. टेपरवर ऑइल राहिले किंवा नट कमी आवळला गेला, की मॅग्नेट सरकतो आणि चावी कापली जाते. १५ मिमी व्यासाच्या शाफ्टवर १ मिमी सरकणे म्हणजे जवळपास साडेसात अंश.

मॅग्नेट न काढता तपासता येते. प्लग काढा, त्याच्या भोकात प्लास्टिकची लांब नळी घाला (स्क्रू ड्रायव्हर नको, अडकला तर पिस्टनला ओरखडा जातो) आणि मॅग्नेटच्या नटाला सॉकेट लावून फिरण्याच्या दिशेने हळू फिरवा. पिस्टन अगदी वर असताना काही अंश फिरवले तरी नळी हललेली दिसत नाही, म्हणून ‘सगळ्यात वर’ नजरेने ठरवू नका. पिस्टन चढताना नळी ठरावीक उंचीवर आली की टायमिंगच्या भोकातून खाचेसमोर मॅग्नेटवर मार्करने खूण करा. उतरताना नळी त्याच उंचीवर आली की दुसरी. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा. मॅग्नेटवरची टीडीसीची ‘टी’ खूण तिथेच असायला हवी.

अर्थिंगवाला
वरचे बरोबर आहे, फक्त ‘टी’ जागेवर निघाली तर लगेच टायमिंग चेनकडे (वाल्व्ह चालवणाऱ्या साखळीकडे) धावू नका. प्लेट नवी आहे, म्हणजे पल्सर कॉइलही (सीडीआयला ठिणगीची वेळ कळवणारी) बहुधा नवी. तिच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या तर मॅग्नेटवरच्या उंचवट्याच्या एका कडेऐवजी दुसऱ्या कडेला ठिणगी पडते आणि लक्षणे हुबेहूब हीच दिसतात. नव्या प्लेटच्या तारांचे रंग जुन्याशी जुळतीलच असे नाही. दोन्ही तारा सुट्या येत असतील तर अदलाबदल करून पाहायला दोन मिनिटे लागतात. एक टोक प्लेटवरच बॉडीला जोडलेले (अर्थ) असेल तर अदलाबदल शक्य नाही, मग प्लेटच या सीडीआयची नाही असे धरा.

आणि ठिणगी बघताना प्लगची बॉडी हेडला टेकलेली हवी. प्लगची टोपी हवेत ठेवून किक मारल्याने सीडीआय जाऊ शकतो. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

किककांडी
कव्हर काढून मोजले. दोन खुणांचा मध्य आणि ‘टी’ यांत ११ मिमी अंतर. फिरण्याच्या दिशेने ‘टी’ पुढे आहे. मॅग्नेटचा बाहेरचा व्यास ११० मिमी.

टायमिंगखूण
परिघ सुमारे ३४५ मिमी, म्हणजे ११ मिमीला साधारण साडेअकरा अंश. ‘टी’ पुढे आहे, तेवढी ठिणगी लवकर. मुळात १० ते १५ अंश आधी पडणारी ठिणगी आता वीस-पंचवीस अंशांच्या घरात गेली, मग किक उलटी मारणारच.

मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोडा मारला तर आतली चुंबके सुटतात. चावीचा वरचा अर्धा तिरका दिसेल. नवी कंपनीचीच घ्या, खिळ्याचा तुकडा घासून बसवण्याचा जुगाड नको. शाफ्टची खाच रुंद झाली नाही ना ते पाहा. दोन्ही टेपर थिनरने पुसून कोरडे करा, ओरखडे असतील तर बारीक वाल्व्ह पेस्टने हलके घासा आणि पेस्टचा कणही ठेवू नका. मॅग्नेटला चिकटलेला वॉशर किंवा चुरा स्टेटरवर घासतो, तोही बघा. बसवताना चावी मागून वर उचलली गेली तर मॅग्नेट तिरका बसतो. नट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर, ग्रीस न लावता.

चेनस्प्रॉकेट
एवढे उलटे झटके बसल्यावर टायमिंग चेनही पाहून घ्या, कव्हर उघडेच आहे. ‘टी’ जुळवून दोन्ही रॉकर (वाल्व्ह दाबणारे) सैल असले की कॉम्प्रेशनचा टीडीसी. त्या वेळी कॅम स्प्रॉकेटची खूण हेडच्या खुणेशी जुळली पाहिजे. ३२ दात्यांच्या स्प्रॉकेटवर एक दाता म्हणजे क्रँकचे साडेबावीस अंश, नजरेला लगेच कळते.

सायलेन्सरमधून फटाके वाजत असते तर गोष्ट वेगळी होती. तिथे उशिरा पडणारी ठिणगी, न जळलेले पेट्रोल किंवा एक्झॉस्टची गॅस्केट बघावी लागते.

सुरू करण्याआधी प्लग वाळवा. इतक्या किकांनी सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असेल. पेट्रोलचा कॉक बंद, इग्निशन बंद, प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आठ-दहा किक मारा. सुरू झाल्यावर आयडलला टायमिंग लाइट लावून ‘एफ’ (ठिणगी पडण्याची) खूण खाचेसमोर दिसते का ते पाहा. तेव्हाही सरकलेली दिसली तर अर्थिंगवाल्यांनी सांगितलेल्या पल्सरच्या तारा.